सोया, जवस आणि पुढे जाणारी पाळी: सल्ला हवाय

रानजाई:
प्रोटीनसाठी रोज सोया आणि चमचाभर जवसाची पूड सुरू केलीय. तेव्हापासून पाळी जरा पुढे जातेय. बाळासाठी प्रयत्न चालू आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. मैत्रीण म्हणते सोया बंद कर, नवऱ्यालाही देऊ नकोस, हार्मोन्स बिघडतात. खरंच बंद करू? थायरॉइडची गोळी चालू आहे.

शेवंती:
आधी गोळीचं बघ. सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. सकाळी उपाशीपोटी घेत असशील तर सोया नाश्त्याला नको, मध्ये चारेक तास जाऊ देत. डॉक्टरांना सांगून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घे. थायरॉइड खालीवर झालं तरी पाळी हलते, आणि दिवस राहण्याआधी ते ताब्यात असलेलं फार बरं.

ऋतुगंध:
शेवंतीताईंना अनुमोदन. सोयातली जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्यं (आयसोफ्लेव्होन) घडणीने इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी, म्हणून त्याच्याच रिसेप्टरना, म्हणजे पेशींतल्या त्याच्या जागांना, चिकटतात. पण पकड खूप ढिली.

ही भीती मुळात मेंढ्यांवरून आली. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. क्लोव्हरमधल्या फॉर्मोनोनेटिन या अशाच द्रव्याचं त्यांच्या पोटात इक्वॉल होतं, आणि या इक्वॉलचा इस्ट्रोजेनसारखा जोर जास्त. पण त्या बिचाऱ्या दिवसभर तेच चरत होत्या! माणसात सोयापासून इक्वॉल बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतातच.

बायकांवरच्या अनेक अभ्यासांचा २००९ साली एकत्र आढावा घेतला गेला. सोयाने चक्र सरासरी एखाद्या दिवसाने लांबलं, एफएसएच आणि एलएच (बीजांडकोशाला चालना देणारे हार्मोन्स) थोडे उतरले, इस्ट्रोजेन होतं तिथेच राहिलं. पुरुषांवरच्या वेगळ्या अभ्यासांत टेस्टोस्टेरॉनवर (पुरुषी हार्मोनवर) परिणाम दिसला नाही, तेव्हा नवऱ्याला खुशाल खाऊ दे.

माझ्या मते जेवणातलं सोया बंद करायचं कारण नाही. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल मात्र मनाने अजिबात घेऊ नकोस, त्यात अर्क एकवटलेला असतो.

रानजाई:
खूप हायसं वाटलं. गोळी आणि सोया आजपासून लांब लांब. ज्येष्ठमध चालेल का? तेही हार्मोन्ससाठी चांगलं म्हणतात.

ऋतुगंध:
सध्या नकोच. त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. गरोदरपणात तर जास्त घेऊच नये.

शेवंती:
आणि पाळी आठवडाभर पुढे गेली तर सोयाला दोष देत थांबू नकोस, आधी घरी टेस्ट कर.