१९ इंची जुना मॉनिटर आणि पाय ४: दोघांचं आर्केड मशीन, सुरुवात कुठून करू?

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवायचं, दोघांना खेळता येईल असं जुन्या व्हिडिओ गेमचं आर्केड मशीन करायलोय. पहिलंच आहे. हाताशी १९ इंची चौकोनी जुना मॉनिटर (१२८० बाय १०२४) आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, २ जीबीवाला. सुतार म्हणतोय १८ मिमी एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) घ्या, फिनिश चांगलं येतं. आमच्याकडे पावसात भिंतीसुद्धा घामेजतात, म्हणून विचारतोय. बटनं किती घेऊ, वायरिंग कसं, आणि करंट सारखा जातो त्याचं काय?

उद्यमबाग_फिटर
मॉनिटर विकू नका. जुने आर्केड गेम ४:३ चे आहेत आणि तुमचा ५:४, म्हणजे जवळपास पडदाभर चित्र येतं. नव्या लांबड्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

खानापूरला एमडीएफ नकोच. कापलेली कड ओल ओढून फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही. कडेत आधी बारीक पायलट भोक न पाडता स्क्रू मारला तर थर उकलतो, ते वेगळंच. बीडब्ल्यूआर ग्रेडचा (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय घ्या: बाजूंना १८ मिमी, मागं-खाली १२ मिमी. एवढ्या मशीनला प्रत्येक जाडीची ८ बाय ४ फुटांची एकेक शीट पुरून उरते. खाली दोन सेंटीमीटरचे रबरी पाय लावा, टेबल पुसताना पाणी तळाशी जातंच.

लाकूड कापायच्या आधी बटनं-जॉयस्टिकचं पॅनल पुठ्ठ्यावर करा. रुंदी ६५ सेंमी, खोली २५. दोन जॉयस्टिकच्या मध्यात ३२ सेंमी तरी अंतर ठेवा, नाहीतर कोपरं लागतात. बटनांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६ मिमी. पुठ्ठ्यावर बटनं बसवून दोघांनी अर्धा तास हात फिरवा. मनगट दुखलं तर पुठ्ठा बदला, प्लाय नाही.

आणि सुताराला बटनाचं भोक "३० मिमी" असंच सांगा. "सव्वा इंच" म्हटलात तर ३२ च्या आसपास पडतं आणि बटन हलत राहतं. होल सॉ (गोल भोक पाडायचं पातं) वरून अर्धा, उलटून खालून अर्धा चालवा, म्हणजे लॅमिनेट फाटत नाही.

निपाणी_वायरवाला
बटनांचा हिशोब: एकाला सहा, अधिक स्टार्ट आणि कॉइन (नाणं टाकण्याऐवजी दाबायचं), म्हणजे आठ. दोघांची सोळा. सहा हवीतच का? 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) सारख्या गेमला सहा लागतात. निओ जिओ या जुन्या आर्केड सिस्टीमच्या गेमना चार पुरतात.

बटनं नटवाली घ्या. खटक्यानं बसणारी पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकडात त्यांचे कान धरत नाहीत.

बटनाखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात. कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच जोडलं जाणारं) वापरायची. चुकून एनसीला (नॉर्मली क्लोज्ड, न दाबताच जोडलेलं) वायर गेली की बटन कायम दाबलेलंच दिसतं आणि मेनू आपोआप पळत सुटतो. नवख्यांचा निम्मा गोंधळ इथंच. दुसरा गोंधळ जॉयस्टिकचा: दांडा वर ढकलला की खालचा स्विच दाबला जातो. त्यामुळे "वर"ची वायर खालच्या स्विचला. उलटं झालं तर वायर बदला, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

स्वस्तातले झीरो डिले एन्कोडर (बटनांच्या वायरी यूएसबीनं पायला जोडणारे बोर्ड) दोन लागतील, खेळाडूला एक. खोड एकच: दोन्ही बोर्ड सिस्टीमला हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून रीबूटनंतर कधी कधी पहिला खेळाडू दुसरा होतो. यूएसबी पोर्ट ठरवून टाका, वायरला खूण करा. तरी त्रास झाला तर दोघांचा एकच बोर्ड, जो कीबोर्ड म्हणून ओळखला जातो, तो घ्या.

खानापूर_रोड
धन्यवाद दादा. पण १८ मिमीच्या पॅनलमधून जॉयस्टिकचा दांडा कितीसा वर येईल?

उद्यमबाग_फिटर
बरोबर पकडलात, हे मी सांगायला हवं होतं. फारच कमी येतो, गोळा पॅनलला टेकल्यासारखा होतो. खालून राऊटरनं (लाकडात खाच पाडायच्या मशीननं) चौकोनी खाच मारा, वर सहा मिमी लाकूड राहील एवढी, आणि जॉयस्टिक त्या खाचेत बसवा. राऊटर नसेल तर पॅनलपुरता १२ मिमी प्लाय वापरा आणि मागं आडवी पट्टी मारा, नाहीतर जोरात खेळताना वाकतो. वरून ३ मिमी ॲक्रिलिक हवं असेल तर लेझर कटिंगवाल्याकडून भोकांसकट कापून घ्या. हातानं ड्रिल केलं तर तडकतं. पॅक-मॅन (१९८०) सारखा चारच दिशांचा गेम खेळणार असाल, तर जिची खालची प्लेट फिरवून आठाऐवजी चार दिशा करता येतात अशी जॉयस्टिक बघा. आठ दिशांवर तो गेम वळणावर चुकतो.

चिकोडी_टेक
करंटचं मी सांगतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा चार्जर लागतो. मोबाईलच्या चार्जरवर तो सुरू होतो खरा, पण पडद्यावर कोपऱ्यात विजेची पिवळी खूण दिसली तर व्होल्टेज कमी पडतंय. मग गेम अडखळतो आणि लोक एन्कोडरला शिव्या घालतात.

अचानक करंट गेला की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन त्या लाईनवर घ्या, नाहीतर छोटा यूपीएस. सगळं सेट झालं की कार्डची इमेज (हुबेहूब प्रत) काढून कॉम्प्युटरवर ठेवा. एरवी मेनूतूनच शटडाऊन करायचं, मेन बटन शेवटी. पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

आत २३० व्होल्टच्या उघड्या वायरी नकोत. फ्यूज-स्विचवाला सॉकेट मागं, आत तयार एक्स्टेंशन बोर्ड, त्यात मॉनिटर आणि चार्जर, एवढंच. पॅनल पत्र्याचं केलंत तर अर्थिंग सक्तीचं. हवेसाठी मागं खाली आणि वर फटी ठेवा, आतून बारीक जाळी लावा. पावसाळ्यात गरम जागा बघून मुंग्या घर करतात.

सॉफ्टवेअर: रेट्रोपाय (पायवर जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर) ४.८ पाय ४ वर बरं चालतं. गेम सुरू होऊन लगेच मेनूवर परत आला, तर बहुतेक वेळा रॉम (गेमची फाईल) आणि एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) यांची आवृत्ती जुळत नसते. मेम २००३ या एम्युलेटरला ०.७८ आवृत्तीचाच रॉम संच लागतो. निओ जिओच्या गेमला neogeo ची बायोस (मशीनच्या मूळ प्रोग्रामची) फाईलही त्याच फोल्डरमध्ये हवी. बहुतेक रॉमवर कॉपीराइट आहे हे लक्षात ठेवा. मेमच्या अधिकृत साइटवर थोडे गेम मालकांच्या परवानगीनं फुकट मिळतात, चाचणीला ते पुरतात.

निपाणी_वायरवाला
एक राहिलं. स्पीकरमधून गुणगुण आली तर ॲम्प्लिफायर पायच्या यूएसबीवरून चालवू नका, त्याला वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या. तरी आवाज राहिला तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अशी गुणगुण अडवणारा छोटा जोड) लावा.