मदत हवी आहे: डिस्कवर विंडोज एक्सपी नाहीच, तरी 'एनटीएलडीआर इज मिसिंग' का?

नमस्कार मंडळी,

एक जुना ४८६ (४८६ प्रोसेसरचा पीसी) चालता ठेवायचा आहे. त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डॉसवरच चालणारा हिशेबाचा एक प्रोग्राम आहे. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली आहे, कधी सुरू होते, कधी नाही. म्हणून तिच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतोय.

कार्ड एक्सपीच्या मशीनला जोडलं, २ जीबीच्या आतलं फॅट १६ (डॉसला वाचता येणारं) पार्टिशन केलं, ते अॅक्टिव्ह केलं, म्हणजे मशीन त्यावरून सुरू होईल, आणि फॉरमॅट करून जुन्या डिस्कवरचं सगळं कॉपी केलं. लपवलेल्या फायलीही घेतल्या आहेत. आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, कमांड.कॉम या डॉस सुरू करणाऱ्या तिन्ही फायली रूटमध्ये (सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये) आहेत, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅटही जशाच्या तशा.

तरी ४८६वर येतं काय, तर 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. ही तर एक्सपीची फाइल! इथे ती मागतंय कोण? विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीवरून सुरू केलं तर सी ड्राइव्ह दिसतो, प्रोग्रामही उघडतो.

एफडिस्क /एमबीआर चालवून एमबीआर (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला, मशीन सुरू होताना चालणारा कोड) नव्याने लिहू का? आणि याच फ्लॉपीवरून 'सिस सी:' दिलं तर डेटा उडणार नाही ना?

प्रतिसाद १

एमबीआरला हात लावू नका, त्याचं काम तो चोख करतोय. अॅक्टिव्ह पार्टिशन शोधून तिथला बूट सेक्टर (पार्टिशनचा पहिला सेक्टर, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा) त्याने मेमरीत आणला, म्हणून तर हा संदेश दिसला. एनटीएलडीआर मागणारा आहे तो बूट सेक्टर. एक्सपीने फॉरमॅट करताना स्वतःचा लिहून ठेवला. आयओ.सिस शेजारी असली तरी तो तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. बूट सेक्टर म्हणजे फाइल नव्हे, त्यामुळे डॉसचा सेक्टर कॉपीबरोबर आलाच नाही. आणि आला असता तरी नुसत्या कॉपीवर भरवसा नाही. ६.२२चा सेक्टर रूट डिरेक्टरीतल्या पहिल्या दोन नोंदी आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस याच आहेत का ते बघतो. नसतील तर 'नॉन-सिस्टिम डिस्क' म्हणून अडून बसतो.

सिस डॉसचा बूट सेक्टर आणि सिस्टिम फायली बसवतं, डेटा पुसत नाही. पुसतं ते 'फॉरमॅट सी: /एस', घाईत भलतीच कमांड देऊ नका.

मात्र ९८ची फ्लॉपी नको. विंडोज ९५पासून एमएसडॉस.सिसचं काम आयओ.सिसमध्येच घातलं गेलं आणि एमएसडॉस.सिस ही नुसती सेटिंगची मजकूर फाइल उरली. ती जोडी बसवली तर मशीन सुरू होईल, पण डॉस फोल्डरमधल्या ६.२२च्या कमांड 'इनकरेक्ट डॉस व्हर्जन' म्हणत बसतील.

जुनी डिस्क सुरू होईल तेव्हा तिथूनच कोऱ्या फ्लॉपीवर 'फॉरमॅट ए: /एस' करा, डॉस फोल्डरमधली सिस.कॉम तीवर टाका. मग कार्ड लावा, त्या फ्लॉपीवरून सुरू करा आणि 'सिस सी:' द्या.

धागाकर्ता

जमलं! 'सिस्टिम ट्रान्सफर्ड' असं आलं आणि फ्लॉपी काढल्यावर ४८६ थेट कार्डावरून उठला. खूप आभार. आता बंद करून चालू केला की तारीख १ जानेवारी १९८० होते आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कार्डाची माहिती पुन्हा भरावी लागते. मदरबोर्डची बॅटरी गेलेली दिसते. ती सोल्डर केलेली आहे, तिच्यासाठी वेगळा धागा काढतो.