मदत हवी आहे: उंदरांना करडई-जवस तेलाचं खाद्य कधीपासून द्यावं?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पात विस्टार (प्रयोगशाळेतली एक जात) उंदरांच्या एका गटाला करडई तेलाचं खाद्य द्यायचंय, दुसऱ्याला त्यातच थोडं जवस तेल घालून. तेल दोन्हीकडे किलोभर खाद्याला ७० ग्रॅम. करडईत ओमेगा-३ जवळपास नाहीच, जवसात मात्र निम्म्याहून जास्त. मेंदूतलं डीएचए (ओमेगा-३ गटातलंच एक मेदाम्ल) आणि बीडीएनएफ जनुकाची (चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन बनवणारं जनुक) सक्रियता मोजायची आहे.

अडचण अशी की मोठ्या उंदराचा मेंदू डीएचए सहजासहजी सोडत नाही (भलताच चिकट!). मग गाभण मादीपासूनच खाद्य बदलावं का? गाईड म्हणतात, पिल्लांचं दूध तुटल्यावर सुरू केलं तरी पुरे. मला पटत नाहीये.

शिवाय हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग) एवढासा. एक बाजू आरएनएला (जनुकाची सक्रियता मोजायला) आणि दुसरी जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी, डीएचए मोजायला) दिली तर चालेल? आणि जवस तेलाचं खाद्य खवट होऊ नये म्हणून कसं साठवता?