निराधारचं अनुदान जानेवारीपासून बंद. 63 सह्यांचं निवेदन देऊन झालं, आता पुढं काय?

गिरणीवाली · 28 जून 2025

नमस्कार मंडळी. गाव मराठवाड्यातलं, नाव टाकत नाही. तहसीलातलं कुणी इथं वाचत असलं तर उगं माझ्या म्हाताऱ्यांवर राग निघायचा.

माझी पिठाची गिरणी आहे. लाइट दुपारी येते, तोवर बायका पायली-दोन पायली ज्वारी घेऊन ओट्यावर बसून राहतात. त्यामुळं गावात कुणाचं काय अडलंय ते मला ग्रामपंचायतीच्या आधी कळतं. आमच्याकडं 14 जणींचं अनुदान जानेवारीपासून आलेलं नाही. नऊ श्रावणबाळवाल्या, म्हणजे म्हातारपणाचं अनुदान घेणाऱ्या, पाच संजय गांधी निराधारच्या, त्यातल्या चार विधवा आणि एक नवऱ्यानं टाकलेली. महिन्याचे 1500. बँक 11 किलोमीटरवर, जीपला जाऊन येऊन साठ रुपये. पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट आहे, पण फुकट बसायला आधी एस.टी. यावी तर लागते. बँकेत विचारलं की ‘वरूनच आलं नाही’, तहसीलात विचारलं की ‘बँकेत बघा’. एक मावशी या चकरांतच 480 रुपये घालवून बसली. ते माझ्या उधारीच्या वहीत लिहिलेत, म्हणून आकडा पक्का आहे.

17 मार्चला आम्ही निवेदन दिलं. ‘मा. तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी’ असं सगळं नीट. मजकूर मीच लिहिला, 63 सह्या आणि अंगठे. शाईचा पॅड शाळेतून आणला होता. 14 जणींच्या अनुदानासोबत टाकीचं पाणी, बंद पडलेली एस.टी. आणि स्मशानभूमीचा रस्ता, हेही त्यातच घातलं. एवढे लोक निघालेत तर सगळंच सांगून टाकू म्हणलं. साहेबांनी हातात घेतलं, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरातही आला. फोटोत मी डोळे मिटलेले.

त्यानंतर साडेतीन महिने काहीच नाही. आता सरपंच म्हणतो मोर्चा काढू. माझ्या म्हाताऱ्या मोर्चात चालायच्या नाहीत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

डोंबिवलीकर · 28 जून

ताई, आमदाराच्या पीएला गाठा. एका फोनचं काम आहे.

गिरणीवाली · 28 जून

दादा, फोन झाला. दोन जणींचं सुरू झालं, दोघी पीएच्या भावकीतल्या. 14 हा आकडा त्यांना वगळून आहे.

बारनिशी · 29 जून

ताई, महसूल खात्यात 31 वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली चार वर्षं संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत, म्हणजे तुमच्याच टेबलावर. तुमच्या निवेदनाचं काय झालं असेल ते न बघता सांगतो, राग मानू नका.

साहेबांनी हातात घेतलेला कागद फोटोनंतर शिपायाकडं गेला. शिपायानं तो बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, दिला असेल, किंवा नसेल. दिला असेल तर आवक क्रमांक पडला. मग प्रश्न आला की हा कागद कुणाचा? अनुदान संगांयोचं, पाणी पंचायत समितीचं, एस.टी. आगाराची, रस्ता बांधकामचा. चार विषयांचा कागद कुठल्याच टेबलाचा नसतो. कारकून त्याच्या चार प्रती काढून ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ चार ठिकाणी रवाना करतो आणि मूळ प्रत दप्तरी दाखल. कुणी बेइमानी केली असं नाही. तुम्हीच त्याला कागद हातावेगळा करायची वाट करून दिलीत.

आणि 63 सह्यांचं म्हणाल, तर त्या फोटोला शोभतात. संगांयोच्या कारकुनाला लाभार्थीचं नाव, आधार, खातं आणि मंजुरीचं वर्ष लागतं. ते निवेदनात होतं का?

आता हे करा. 14 बायकांचे 14 अर्ज, प्रत्येकी एक पान. विषय एकच, ‘माहे जानेवारी 2025 पासून अनुदान खंडित झाल्याबाबत’. खाली पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि शेवटच्या नोंदीची झेरॉक्स. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच दिल्याशिवाय टेबलावरून हलू नका. साहेबांना भेटूच नका, बारनिशीत द्या.

त्यासोबत तालुका लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकून घ्यायचा दिवस. महिन्याचा तिसरा सोमवार, म्हणजे 21 जुलै. अर्ज विहित नमुन्यात आणि 15 दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा तुमच्या हातात आठवडाच आहे. तिथं तक्रार वैयक्तिक लागते, सामूहिक निवेदन घेतच नाहीत. तुमचं 17 मार्चचं तिथं नेलं असतं तरी परत आलं असतं. तालुक्याला समाधान झालं नाही तर महिन्यानंतर तिथला टोकन क्रमांक घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनाला जाता येतं, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी. टोकन जपून ठेवा. पुढचं दार त्यावरच उघडतं.

मोर्चाचं म्हणाल तर 15 ऑगस्टच्या आधी प्रत्येक तहसीलात उपोषणाच्या इशाऱ्यांचा गठ्ठा पडतो. सगळ्यांना एकाच मसुद्याचं पत्र जातं, ‘आपण उपोषणापासून परावृत्त व्हावे’. मीच टाइप केलेत शेकड्यानं. फक्त नाव बदलायचं. एकदा ते बदलायचंही राहिलं होतं.

वर्धेकडची · 29 जून

यात एक गोष्ट राहिली. निराधारचे पैसे आता डीबीटीनं थेट येतात, आणि ते पासबुक ज्या बँकेचं आहे तिथं येतील असं नाही. आधार शेवटचं ज्या खात्याला सीडिंग झालं असेल, म्हणजे सरकारी पैशासाठी जोडलं असेल, तिथं जातात. बँकवाला ‘लिंक आहे’ म्हणतो ते वेगळं आणि सीडिंग वेगळं. माझ्या सासूबाईचे चार महिन्यांचे पैसे भलत्याच खात्यात पडून होते. बाजारात सिमकार्ड विकणाऱ्या पोरानं अंगठा घेऊन खातं उघडून दिलं होतं, तिला वाटलं सिमचाच अंगठा. सीडिंग कुठं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसते, पण त्याला मोबाइलवर ओटीपी लागतो, आणि म्हातारीच्या आधारला नंबर जोडलेला नसतो. तसं असेल तर बँकेत नेऊनच विचारा. अर्ज देण्याआधी हे तपासा, नाहीतर तहसीलदार काय करणार?

कोर्टफी_दहा · 30 जून

17 मार्चच्या निवेदनाचा माहितीचा अधिकार टाकून ठेवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या बाईच्या नावानं टाकलात तर तोही नको. विषय एकच ठेवा आणि 150 शब्दांच्या आत, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे, जास्त लिहिलं की तेच कारण दाखवतात. ‘निवेदनावर कार्यवाही का केली नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर नसतं. असं लिहा: ‘सदर निवेदन कोणकोणत्या अधिकारी व कर्मचाऱ्यांकडे किती दिवस होते, त्यावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात.’ 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कित्येकदा उत्तर यायच्या आधी कामच होतं, कारण टिपणीत लिहायला काहीतरी असावं लागतं.

गिरणीवाली · 2 जुलै

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गिरणी दीरावर सोडून हेच केलं. बारनिशी काका, तुमचं वाचून आधी लई राग आला. मग निवेदनाची माझी प्रत काढून बघितली. 14 जणींची नावंसुद्धा त्यात नव्हती. ‘गावातील निराधार महिला’ एवढंच होतं.

14 अर्ज लिहिले, लोकशाही दिनाच्या नमुन्यात वेगळे 14. सगळ्यांवर शिक्के घेतले. तिथला पोरगा म्हणला, मावशी सगळे एकत्र द्या ना, एकच नंबर टाकतो. म्हणलं, 14 टाक.

एक अडचण उरली. दोन मावशांना उत्पन्नाचा नवीन दाखला मागितलाय, 21 हजारांच्या आतला. तलाठी म्हणतो, तुमच्या पोराकडं मोटारसायकल आहे, 21 हजार कसं लिहू? त्याचं तरी काय चुकलं? पण पोरगा वेगळा राहतो, आणि ती मोटारसायकल हप्त्याची.

बारनिशी · 2 जुलै

विभक्त शिधापत्रिका आहे का? असेल तर पोराचं उत्पन्न तिच्या कुटुंबात धरायचं कारण नाही. तलाठ्याकडं स्वयंघोषणापत्र, पंचनाम्याची मागणी आणि शिधापत्रिकेची प्रत लेखी द्या. दाखल्याचा अर्ज सेवा केंद्रातून ऑनलाइनच करा. तो लोकसेवा हक्क कायद्यात येतो, मुदत 15 दिवस. मुदत टळली किंवा नाकारलं तर 30 दिवसांत पहिलं अपील. 2015 चा कायदा आहे, त्यात अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. दंड क्वचित होतो, पण तारीख पडली की टेबल हलतं.

बाकी 21 हजारांचं दुखणं तलाठ्याच्या हातातलं नाही. गणित करून बघा. यंदा, म्हणजे 2025-26 ला, रोजगार हमीची मजुरी 312 रुपये. घरातल्या एकानं 68 दिवस काम केलं की 21,216 झाले, म्हणजे कुटुंब निराधार राहिलं नाही. आणि कायदा त्याच कुटुंबाला 100 दिवसांची हमी देतो! एका सरकारी योजनेचा पुरता लाभ घेतला की माणूस दुसरीतून बाद. संगांयोत असताना दरवर्षी हे बघायचो. आम्ही काय करायचो ते इथं लिहीत नाही.

डोंबिवलीकर · 2 जुलै

मग लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा कशी?

गिरणीवाली · 3 जुलै

दादा, ह्या वेळेला मुद्द्याचं बोललात. आमच्या ओट्यावर रोज हेच चालतं. तिकडंही 1500, इकडंही 1500. तिथं कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, इथं 21 हजार. तिथं वय 65 पर्यंत. म्हणजे माझ्या शेजारणीला 64 व्या वर्षी अडीच लाखांत बसवलं आणि 66 व्या वर्षी ती 21 हजारांत बसली पाहिजे. वय वाढलं की बाई श्रीमंत होते, असं काहीतरी असेल. लाडक्या बहिणींवर माझा राग नाही, मीही घेते. पण सुनेला विचारत नाहीत आणि सासूच्या पोराची मोटारसायकल मोजतात.

सह्या यासाठी गोळा करायला पाहिजे होत्या. आम्ही त्या पाण्याच्या टाकीशेजारी वाया घातल्या.

बारनिशी · 3 जुलै

अगदी. 14 अर्जांचा मार्ग वेगळा, हा वेगळा. मर्यादा बदलणं तहसीलदाराच्या हातात नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्याही नाही, तो शासन निर्णयाचा विषय. त्यासाठी 15 ऑगस्टची ग्रामसभा धरा. तिच्या आधी महिला ग्रामसभा व्हायलाच पाहिजे, तिथं ठराव मांडा आणि इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. गिरणी बंद ठेवलीत तर 100 जमतील. ठरावाची प्रत सामाजिक न्याय विभागाला पाठवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिच्याकडं जनतेचा विनंती अर्ज आमदारामार्फत जातो. त्या पीएला हे काम सांगा, भावकीचं नाही.

गिरणीवाली · 24 जुलै

कळवायचं राहिलं होतं. 21 तारखेला आम्ही नऊ जणी गेलो, पाच जणींना चालवत नाही म्हणून त्यांचं अधिकारपत्र नेलं. जीप 900 रुपये, वर्गणीनं. अकराला बोलावलं, सव्वाला नंबर लागला. संगांयोच्या मॅडमनी कॉम्प्युटरवर एकेकीचं नाव काढलं. सहा महिन्यांत कुणी काढलं नव्हतं ते वीस मिनिटांत निघालं.

सहा जणींचे पैसे दुसऱ्याच खात्यात. वर्धेकडच्या ताई, तुम्ही म्हणलात तेच. त्यातल्या चौघींना कुठल्या बँकेत ते आठवेचना. एकीनं पासबुक मांडणीवरच्या डब्याखाली कागद म्हणून अंथरलं होतं, त्यात 7500 जमा. पाच जणींची आधारची नोंद अर्धवट, ती तिथंच दुरुस्त केली, पुढच्या महिन्यात येतील म्हणाल्या. बघू. दाखल्याच्या दोन मावशांचा अर्ज ऑनलाइन गेलाय, मुदत 5 ऑगस्टपर्यंत. माहितीच्या अधिकाराचं उत्तर अजून नाही.

राहिली एक. ती कागदावर मयत आहे. गावात तिच्याच नावाची दुसरी म्हातारी दिवाळीत वारली, नाव हिचं कापलं. मॅडम म्हणाल्या, हयातीचा दाखला आणा. मावशी त्यांच्या टेबलासमोर उभी होती, काठी टेकून. म्हणाली, बाई, मी आणलीय की मला.

तर काका, एवढंच सांगा: हयातीच्या दाखल्यासोबत त्या वारलेल्या म्हातारीचा मृत्यू दाखलाही जोडायचा का? तिच्या पोराकडून मागायचा तर कसं मागू, ते मला सुचेना. 4 ऑगस्टच्या आत द्यायचंय.

बारनिशी · 24 जुलै

जोडा. पोराकडं जायची गरज नाही, ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत आहे, ग्रामसेवकाकडं अर्ज करा. दोघींच्या आधारचे शेवटचे चार आकडे अर्जात शेजारी शेजारी लिहा, म्हणजे पुन्हा चुकीची बाई मरणार नाही. 4 ऑगस्टची मात्र घाई करू नका, ती तारीख जिल्ह्याच्या लोकशाही दिनाची आहे. तालुक्याला महिना द्यावा लागतो, म्हणजे तुमचा पहिला सोमवार सप्टेंबरचा. दोन प्रती, शिक्का विसरू नका.