मदत हवी आहे: समीकरणात रिचीच का, हे वर्गाला कसं पटवू?

मुग्धा_बडोदा:
मंगळवारी तास आहे, लवकर सांगा. मेट्रिक (अंतर मोजणारं जी), लेव्ही-चिव्हिता कनेक्शन (त्यातून येणारा समांतर सरकवण्याचा नियम), रीमान टेन्सर (पूर्ण वक्रता) सगळं झालं. काल फळ्यावर आइन्स्टाईनचं गुरुत्वाचं समीकरण लिहिलं, डावीकडे रिची टेन्सर (रीमानचा ट्रेस, म्हणजे ठरावीक घटकांची बेरीज) उणे अर्धा आर जी (आर म्हणजे रिचीचा ट्रेस), उजवीकडे टी (पदार्थ आणि ऊर्जा) गुणिले स्थिरांक, आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, वक्रता तर रीमानमध्ये आहे, मग इथे रिची का? आणि त्यातून अर्धा आर जी का वजा करायचा?" मी "पुढे कळेल" म्हणून वेळ मारून नेली. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

दांडियाबाजारकर:
मुलं गणिताची की फिजिक्सची? तास किती उरलेत?

मुग्धा_बडोदा:
गणिताचीच, एम.एस्सी.ची. चार तास. स्पेशल रिलेटिव्हिटी म्हणाल तर फक्त मिन्कोव्स्की मेट्रिक झालंय.

जुना_मास्तर:
हे आधी लिहायचंत. माझं ऐका, श्वार्त्सशिल्ड मेट्रिकचे (गोल ताऱ्याबाहेरचं) नऊ क्रिस्टोफेल (कनेक्शनचे घटक) मुलांकडून हातानं काढून घ्या. हात काळे झाल्याशिवाय टेन्सर अंगात मुरत नाही. मी आयुष्यभर असंच शिकवलं.

रेषाखंड_इंदूर:
मास्तर, त्या आकडेमोडीत भूमिती हरवते. मी वर्गात शेंगदाण्याचा पुडा नेतो. गोल कागदातून पाव काप काढायचा, कडा जुळवायच्या. कागद कुठेच वक्र नाही, तरी टोकाभोवती बाण समांतर सरकवत आणला की 90 अंशांनी वळून परत येतो. सगळी वक्रता टोकात. मुलं पुडा उलगडून स्वतः मोजतात.

जुना_मास्तर:
पुड्यानं परीक्षेतलं गणित सुटत नाही.

दांडियाबाजारकर:
अहो, ताईंनी रिचीचं विचारलंय. समांतर सरकवणं त्यांचं झालंय.

मुक्तपतन:
मुग्धाताई, धुळीच्या कणांचा छोटा गोळा घ्या, सगळे कण एकमेकांच्या सापेक्ष स्थिर, आणि सोडून द्या. शेजारचे कण कसे जवळ येतात किंवा लांब जातात ते जिओडेसिक डेव्हिएशन सांगतं, तिथे पूर्ण रीमान लागतो. त्याचा ट्रेस घ्या: गोळ्याचं घनफळ कसं आकसायला लागतं ते मिळतं, आणि हा ट्रेस म्हणजेच रिची. न्यूटनकडेही असंच आहे. पॉयसाँचं समीकरण (पदार्थाच्या घनतेतून गुरुत्व देणारं) पोटेन्शियलच्या हेसियनचा (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सचा) ट्रेसच तर घेतं. पृथ्वीबाहेरच्या पोकळीत पडताना गोळा लांबुडका होतो, पण घनफळ सुरुवातीला हलत नाही. तिथे रिची शून्य, रीमान नाही. चार मितींत रीमानचे 20 स्वतंत्र घटक, त्यातले 10 रिचीचे. उरलेले 10 वाइल टेन्सरमध्ये (रीमानचा ट्रेस नसलेला भाग), तेच गोळ्याला ताणतात.

आता अर्धा. बियांकी आयडेंटिटी (रीमानच्या डेरिव्हेटिव्हमधलं नातं) आकुंचित केली, म्हणजे तिचा ट्रेस घेतला की रिचीचं डायव्हर्जन्स म्हणजे आर च्या डेरिव्हेटिव्हच्या निम्मं निघतं. उजवीकडच्या टी चं डायव्हर्जन्स शून्य (ऊर्जा-संवेग टिकतात), म्हणून डावीकडून तेवढं काढावंच लागतं. 11 नोव्हेंबर 1915 ला आइन्स्टाईननंही नुसता रिची टी च्या बरोबर मांडला होता. ट्रेसचं पद 25 तारखेला आलं.

त्रिज्या:
लोरेंत्झियन मेट्रिकवर (वेळेचं चिन्ह वेगळं असलेलं) हॉप्फ-रिनो प्रमेय (पूर्ण अवकाशात दोन बिंदूंमध्ये सर्वांत छोटी वाट असतेच, हे सांगणारं) चालत नाही, हे सांगितलंत का? रीमानियन भूमितीतून आलेली मुलं तिथेच घसरतात. टाइमलाइक जिओडेसिकवर (मुक्तपणे पडणाऱ्या कणाच्या वाटेवर) प्रॉपर टाइम (कणाच्या स्वतःच्या घड्याळातला वेळ) जवळपासच्या वाटांच्या तुलनेत कमाल असतो, किमान नव्हे.

दांडियाबाजारकर:
गुजरातेत शिकवताय तर प्र. चु. वैद्यांचं मेट्रिक घ्याच. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं. बनारसला ते वि. वा. नारळीकरांकडे होते.

मुग्धा_बडोदा:
वैद्यांसाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. मुक्तपतन, मंगळवारी गोळ्यापासूनच सुरुवात. आणि त्या मुलीला 11 नोव्हेंबरचं सांगणार आहे, तिचा प्रश्न किती मोठा होता ते तिला कळायला हवं. एकच राहिलं: माझ्या नोट्समध्ये मेट्रिकची चिन्हं अधिक-उणे-उणे-उणे आहेत, पुस्तकात उलट. कुठे चिन्ह बदलू?

मुक्तपतन:
मेट्रिकचं चिन्ह उलटलं तरी रिची तोच राहतो. आर उलटतो, जी उलटतो, त्यामुळे आर जी तसाच. फक्त रीमानची व्याख्या पुस्तकात कोणत्या चिन्हानं दिलीय ते बघून घ्या.