वॉकर आणावा की पांगुळगाडा?

मोगरा: मुलगा १० महिन्यांचा आहे. रांगतो, दिवाणाला धरून उभा राहतो. घरचे म्हणतात वॉकर आणा, लवकर चालेल. आणावा का?

बालफिजिओ: बसायचा वॉकर अजिबात नको. त्यात वजन झोळीवर पडतं, बाळ चवड्यांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही. स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत. शिवाय जिना, गरम चहा, सगळं क्षणात हाताशी येतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. त्यापेक्षा दिवाण आणि खुर्ची यांत वीतभर अंतर ठेवा, पलीकडे वाटी-चमचा ठेवा. कडेकडेने जाता जाता तो एक हात सोडेल. घरात अनवाणीच राहू द्या, मोज्यांनी फरशीवर पाय सटकतो. उभा राहून रडत असेल तर बहुधा खाली बसता येत नसतं. खेळणं गुडघ्याच्या उंचीवर धरून हळूहळू खाली न्या, गुडघे आपोआप वाकतात.

सुतारपक्षी: लाकडी पांगुळगाडा चालेल, पण धरून सराईतपणे पावलं टाकायला लागल्यावरच. दांडा छातीच्या उंचीचा हवा. हलका गाडा पुढे पळतो आणि पोर तोंडावर आपटतं, म्हणून खालच्या फळीवर दोनेक किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. गुळगुळीत टाइल्सवर चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा.

मोगरा: आणि चालायला उशीर झाला तर?

बालफिजिओ: १८ महिन्यांपर्यंत वाट पाहता येते. एकच पाय ओढत असेल किंवा सतत चवड्यांवरच उभा राहत असेल, तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.