मदत हवी आहे: निरोपाच्या अंकासाठी कोणते प्रश्न विचारू?

नमस्कार मंडळी. आमच्या वर्गाचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. निरोप समारंभासाठी आठवणींचा अंक काढतोय, संकलनाचं काम माझ्याकडे आहे.

‘शाळेबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘खूप मजा आली, सगळ्यांची आठवण येईल’ एवढंच लिहून देतात. मग एकीला विचारलं, ‘तू कुठल्या बाकावर बसायचीस?’ वर्गात क्वचितच बोलणाऱ्या त्या मुलीने पानभर लिहिलं. प्रयोगशाळेची खिडकी नीट बसत नसे, म्हणून प्रात्यक्षिकाआधी ती कागदाची घडी करून फटीत खुपसायची. बर्नरची ज्योत विझू नये म्हणून! आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

मानसशास्त्र सांगतं की जागा, वास, वस्तू अशा नेमक्या खुणा मिळाल्या की आठवण लवकर वर येते. साधारण 10 ते 30 वयातल्या आठवणी तर उतारवयातही जास्त टिकतात. म्हणून हा अंक मनापासून चांगला व्हावा असं वाटतं.

तुम्ही असं काही केलं असेल तर कोणते प्रश्न उपयोगी पडले? आणि खरी अडचण पुढे आहे. काहींना ही वर्षं जड गेली, चिडवाचिडवीने, एकटेपणाने. त्यांचं लिखाण गाळायचं नाही, हे माझं पक्कं आहे. पण ते नाव न देता छापावं का? मधेच शाळा सोडून गेलेल्यांनाही विचारावं का?